सिंगापूर, सतरा महिन्यांची चिऊ आणि सहा किलोची बाबागाडी

मुंबई विमानतळावर रात्री साडेदहाला सुरक्षा तपासणीच्या रांगेत आमची पहिली परीक्षा झाली. चिऊ माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली, नवरा पुढे लॅपटॉप आणि दुधाच्या बाटल्या ट्रेमध्ये काढून ठेवत होता, आणि समोरून हुकूम आला: गाडी बंद करून पट्ट्यावर ठेवा. बाळाला बाहेर काढावंच लागतं आणि बाबागाडी एक्स-रेमधून जातेच, हे माहीत होतं. गाडी बंद करायला मोकळे हात मात्र एकट्या सासूबाईंचे होते. त्यांनी पहिल्यांदा चुकीची कळ दाबली, दुसऱ्यांदा बरोबर. गाडी दुमडली, मागच्या माणसाने सुस्कारा सोडला.

ही गाडी घेतली त्याचं श्रेयही त्यांचंच. घरी आधीची एक होती, भेट मिळालेली, अकरा किलोची. दिसायला राजेशाही, पण तिची घडी घालायला दोन माणसं लागत आणि डिकीत ती ठेवली की सामान मांडीवर घ्यावं लागे. सिंगापूरचं ठरल्यावर दुकानात गेलो तेव्हा मी सीटचं कापड आणि रंग बघत बसले. सासूबाईंनी विक्रेत्याला एवढंच विचारलं, "एका हातात पोर असताना ही मिटते का?" त्याने झोकात करून दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही, मी करून बघते." पाचपैकी तीन गाड्या तिथेच बाद झाल्या. चिऊ कडेवर, दुसऱ्या हाताने घडी, आणि मग ती उचलून दहा पावलं चालायचं, ही त्यांची चाचणी मी आता सगळ्यांना सांगते. प्रवासात जो सगळ्यात जास्त वेळ गाडी हाताळणार, त्याच्याकडूनच ती करून घ्या.

दुकानातल्या "केबिन साइज" या शब्दाला मात्र भुलू नका. बहुतेक उत्पादक 56×45×25 सेंटिमीटरच्या जवळपास बसणाऱ्या घडीला हे नाव देतात. आपल्याकडच्या विमान कंपन्यांची हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण 55×35×25 आणि 7 किलो असते. म्हणजे लांबी सेंटिमीटरभर जास्त, आणि रुंदीत तर सरळ अडते. प्रसिद्ध योयो गाडीची घडी 52×44×18 आहे, तीही कागदावर या मापात बसत नाही. जीबी पॉकिट नावाच्या गाडीची पहिली आवृत्ती 30×18×35 मध्ये मावते आणि 4.3 किलोची आहे, पण तिची पाठ आडवी होत नाही. दुपारी झोपणाऱ्या पोराची मान लटकते. छत्रीसारख्या लांब दुमडणाऱ्या गाड्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण जवळजवळ मीटरभर लांब, त्यामुळे डोक्यावरच्या कप्प्याचा विचारच सोडा. आम्ही 54×44×20 ची, सहा किलोची, पाठ बऱ्यापैकी मागे जाणारी घेतली आणि ती केबिनमध्ये जाणार नाही हे मनाशी धरूनच निघालो. तुमच्या कंपनीचा नियम तिकीट काढतानाच वाचा, आणि घडीचं माप घरी टेपने घ्या. आमच्या बाबतीत चाकं धरून ते दोन सेंटिमीटर जास्त भरलं.

गाडी विमानाच्या दाराशी दिली, टॅग लावला. उतरताना दाराशीच परत मिळेल असं सांगितलं गेलं. साडेपाच तासांच्या उड्डाणानंतर सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पहाट झाली होती (घड्याळ अडीच तास पुढे) आणि दाराशी गाडी नव्हती. ती सामानाच्या पट्ट्यावर आली, एका ब्रेकची दांडी वाकलेली. आत्ता कुणाला बोल लावत नाही, पण दोन गोष्टी शिकले: देण्याआधी फोटो काढायचा, आणि जाड कापडाची पिशवी घालूनच द्यायची. दहा किलोचं बाळ घेऊन विमानापासून इमिग्रेशनपर्यंत चालताना पोटाला बांधायची झोळी होती म्हणून निभावलं. चांगीत फुकट बाबागाड्या ठेवलेल्या असतात, पण दिसली तेव्हा आम्ही जवळजवळ बाहेर पोहोचलो होतो.

शहरात मात्र गाडीचं सोनं झालं. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे, पण ती सगळ्या दरवाजांना नसते. नकाशात कोणत्या एक्झिटला लिफ्ट आहे ते बघूनच निघा, नाहीतर आमच्यासारखं भर उन्हात रस्त्याच्या पलीकडे जाऊन परत यावं लागतं. सरकत्या जिन्यावर गाडी घेऊन चढू नका. तशा पाट्याही आहेत. बसमध्ये 2017 पासून उघडी गाडी चालते. व्हीलचेअरच्या जागेत ब्रेक लावून उभी करायची, आणि व्हीलचेअरवाले आले तर जागा द्यायची. 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्या माणसासोबत तिकीट नाही. बोटॅनिक गार्डन, गार्डन्स बाय द बेमधला क्लाउड फॉरेस्ट, प्राणीसंग्रहालय, सगळीकडे गुळगुळीत रस्ते. बोटॅनिक गार्डनमध्ये उतार आहेत, तिथे एक हात मूठ सोडत नाही हे बघा. झूच्या ट्रॅममध्ये आम्ही घडी घालून चढलो, आणि त्या दिवशी सहा वेळा घडी घातली. सहाव्या वेळी ती कशी झाली ते माझं मलाच कळलं नाही.

आता लिटिल इंडिया. इडली खायला आणि थोडा घरचा वास घ्यायला गेलो आणि गाडीची हौस फिटली. तिथल्या जुन्या दुकानांसमोर छपराखाली पाच फुटी वाट असते. प्रत्येक मालकाने आपल्या दारापुढची पातळी आपल्या मनाने ठेवलेली. इथे पायरी चढा, तिथे उतरा, मध्ये फुलांच्या टोपल्या, हंडे, साड्यांचे गठ्ठे. चाकं लहान असल्याने प्रत्येक पायरीला पुढचं चाक अडायचं. वीरमाकाळीअम्मन देवळापाशी आम्ही गाडी मिटवली, खांद्याला अडकवली आणि चिऊला झोळीत घेतलं. सहा आणि अकरा किलोंतला फरक मला तिथे, सेरंगून रोडच्या ऐन गर्दीत समजला. सेंटोसा बेटावरच्या वाळूतही हेच. तेवढ्यासाठी मोठ्या चाकांची गाडी घेऊ नका. वाळूत कुठलीच धड जात नाही.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या आवारात, स्टुलं जमिनीला पक्की केलेली असतात. चिऊ स्वतःच्या गाडीतच बसून जेवली, त्यामुळे सीट धुता येते की नाही हे बघून घ्या. आमची येते, साबुदाण्यापासून नूडल्सपर्यंत सगळं पाहून झालंय तिचं.

उन्हाबद्दल जरा सविस्तर सांगते. हवा इतकी दमट की पाठ भिजते. मागे जाळीचा भाग आणि डोळ्यांपर्यंत खाली येणारं छप्पर असलेली गाडी हवी. झोपलेल्या बाळावर ऊन लागू नये म्हणून गाडीवर मलमलचं कापड टाकू नका. आत हवा कोंडते आणि उकाडा वाढतो. मीही पहिल्या दिवशी टाकलं होतं. सासूबाईंनी आत हात घालून बघितला आणि काही न बोलता ते ओढून काढलं. दुपारी पाऊस धो धो येतो, प्लॅस्टिकचं आवरण जवळ ठेवा, पण पाऊस थांबला की लगेच काढा.

हँडलला खरेदीच्या पिशव्या अडकवण्याचा मोह सगळ्यांना होतो. चिऊ उठून उतरली आणि गाडी मागे कलंडली, आत फक्त पाण्याची बाटली होती म्हणून हसलो. पट्टे पाच जागी बांधणारे घ्या आणि दर वेळी लावा. नवरा उंच आहे. त्याचे बूट मागच्या दांडीला लागत होते, ते दुकानातच दोन चकरा मारून कळलं असतं.

परतीच्या विमानाला पिशवीत घातलेली गाडी दाराशी दिली, वाकलेला ब्रेक तसाच. मुंबईत ती खरंच दाराशी मिळाली. चिऊ झोपलेलीच होती, आणि सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "थांब, मी उघडते."