‘नाशी’ म्हणजे कोण?

दुभाष्याची चूक बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बोलणाऱ्याला भाषांतर कळत नसते आणि भाषांतर ऐकणाऱ्याला मूळ बोलणे कळत नसते. ९ मे २०२५ रोजी एस्टोनियातील नार्वा या सीमेवरच्या शहरात माझी एक चूक मात्र जागच्या जागी पकडली गेली. ज्या बाईंनी ती पकडली त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, असे मी मनापासून मानते.

मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले. त्याआधीपासून रशिया आमच्या घरात होताच. लालबागच्या गिरणीत साच्यावर काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तके हौसेने जमवली होती, आणि १९७१ साली तो देश आपल्या पाठीशी उभा राहिला हे ते आम्हा भावंडांना वारंवार सांगत. गेली काही वर्षे मी टॅलिनमध्ये राहते आणि रशियन व इंग्रजी यांच्यात दुभाषाचे काम करते. पश्चिम युरोपातील एका विद्यापीठाचे तीन संशोधक सामान्य नागरिकांच्या मुलाखती घेण्यासाठी नार्वाला निघाले होते. पाश्चात्त्य देशांनी रशियाशी कसे वागावे, शांतता शक्य आहे का आणि असल्यास ती कशी असेल, हे त्यांना सीमेवरच्या माणसांकडून ऐकायचे होते. त्यांच्यासोबत मी सकाळच्या गाडीने पोहोचले.

नार्वात नदीच्या एका काठावर हर्मन किल्ला उभा आहे आणि समोरच्या काठावर रशियाचा इवानगोरोद. मधले पात्र इतके अरुंद आहे की पलीकडच्या माणसाच्या अंगातला कोट कोणत्या रंगाचा आहे ते दिसते. नाटो आणि युरोपीय संघ यांची हद्द अलीकडच्या काठाला संपते. तरीही शहरातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांची घरातली भाषा रशियन आहे, आणि याचे कारण जुने आहे. मार्च १९४४ मधील सोव्हिएत बॉम्बफेकीत जुने शहर जवळजवळ पूर्ण नष्ट झाले, युद्धानंतर मूळ रहिवाशांना परत येऊ दिले गेले नाही आणि कारखान्यांसाठी रशियातून व इतर प्रजासत्ताकांतून कामगार आणले गेले. १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा या कामगारांपैकी काहींनी एस्टोनियाचे नागरिकत्व घेतले, काहींनी रशियाचे, आणि काहींनी कोणतेच घेतले नाही. या शेवटच्या गटाकडे राखाडी रंगाचा पासपोर्ट असतो. एका कुटुंबात असे तिन्ही पासपोर्ट सापडणे येथे नवलाचे नाही.

त्या दिवशी दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत विजयदिनाचा ऐंशीवा वर्धापनदिन होता. रशियाने पलीकडच्या काठावर नार्वाकडे तोंड करून रंगमंच आणि भलामोठा पडदा उभारला होता, आणि युद्धकाळातील गाणी पाण्यावरून या काठापर्यंत स्पष्ट ऐकू येत होती. या काठावर किल्ल्याच्या भिंतीवर पुतिन यांना युद्धगुन्हेगार म्हणणारा प्रचंड फलक रशियाकडे तोंड करून टांगलेला होता. एस्टोनियात ९ मे हा युरोप दिन असतो, त्यामुळे शहरात त्याचीही सजावट होती. नदीकाठच्या फरसबंदीवर शेकडो माणसे, बहुतेक वयस्क, कठड्याला टेकून पलीकडे पाहत होती आणि त्यांच्यामधून पोलीस शांतपणे फिरत होते. रशियन सैन्याच्या विजयाची खूण मानल्या जाणाऱ्या काळ्या-नारिंगी फितीवर येथे २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे कोणाच्याही छातीवर ती दिसली नाही. जांभळा रुमाल बांधलेल्या एक वृद्ध बाई एका हाताने फोन कानाला लावून दुसरा हात उंच हलवत होत्या. त्या गाण्यांना दाद देत आहेत, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पहिली मुलाखत वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची होती. त्यांच्याकडे रशियाचा पासपोर्ट आहे. मार्चमध्ये एस्टोनियाच्या संसदेने राज्यघटना दुरुस्त करून रशिया व बेलारूसच्या नागरिकांचा स्थानिक निवडणुकांतील मताधिकार काढून घेतला होता, आणि हा अपमान त्यांना फार लागला होता. “तीस वर्षे मी या देशाची वीज बनवली, आता मी यांना धोका वाटतो,” ते म्हणाले. पाश्चात्त्यांनी नाटो पुढे पुढे सरकवत रशियाला डिवचले, आता दोघांनी बसून बोलावे आणि मिटवावे, असे त्यांचे मत होते. ‘दगवारित्सा’ हे क्रियापद त्यांनी सात-आठ वेळा वापरले. बोलणी करून सहमतीला येणे, असा त्याचा अर्थ. कोणी काय सोडावे म्हणजे मिटेल, असे संशोधकाने विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले की ते ठरवणे मोठ्यांचे काम आहे. पलीकडे राहायला का जात नाही, या प्रश्नावर मात्र त्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. घर येथे, मुलगी येथे, इस्पितळ येथे, जायचे कशासाठी?

दुसऱ्या मुलाखतीत माझी गरज नव्हती, कारण ती तरुण एस्टोनियन शिक्षिका स्वतःच उत्तम इंग्रजी बोलत होती. २०२४ च्या सप्टेंबरपासून रशियन शाळांचे शिक्षण टप्प्याटप्प्याने एस्टोनियन भाषेत होऊ लागले आहे आणि त्यासाठीच ती तार्तूहून येथे आली आहे. शांतता हा शब्द ऐकताच तिने सांगितले की तिच्या आजीला मार्च १९४९ मध्ये मालगाडीच्या डब्यात घालून सैबेरियात नेले होते. त्या काही दिवसांत एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसे अशी नेली गेली, आणि त्यांत बायका-मुलेच जास्त होती. “१९४९ मध्ये युद्ध नव्हते. कागदोपत्री शांतताच होती,” ती म्हणाली. रशियाशी बोलू नये असे तिचे म्हणणे नव्हते. मात्र आपल्या डोक्यावरून दुसऱ्यांनी केलेल्या तहाची किंमत आपण एकदा मोजली आहे, पुन्हा मोजणार नाही, असे ती ठामपणे म्हणत होती. तिच्या वर्गातील मुलांबद्दल बोलताना तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि ती मुले रशियन बोलणाऱ्यांच्याच घरची आहेत.

तिसरी मुलाखत दहा मिनिटेही चालली नाही. रशियाने ताब्यात घेतलेल्या युक्रेनच्या मारिउपोल शहरातली एक बाई, आता येथे एका स्वयंपाकघरात कामाला असलेली. २०२२ मध्ये त्या शहरातून बाहेर पडलेल्या अनेकांप्रमाणे ती रशियातून फिरत फिरत इवानगोरोद आणि नार्वा यांना जोडणाऱ्या पुलावरून युरोपात आली. तिच्या घराची नोंद तेथील नव्या प्रशासनाने बेवारस मालमत्तेच्या यादीत केली होती, आणि हक्क सांगायचा तर तेथे स्वतः हजर व्हायला हवे आणि हातात रशियन पासपोर्ट हवा. “तुम्ही शांतता म्हणता, तेव्हा मी तो पासपोर्ट घ्यायचा असे तुम्हाला म्हणायचे आहे का?” तिने विचारले. पलीकडची गाणी त्या खोलीतही ऐकू येत होती. संशोधकाने खिडकी लावून घेतली आणि यंत्र बंद केले. ते त्याने योग्यच केले, असे मला वाटले.

चौथ्या मुलाखतीसाठी दार उघडून आत आल्या त्या जांभळ्या रुमालाच्या बाई. वय चौऱ्याहत्तर, राखाडी पासपोर्ट, आयुष्यभर क्रेनहोल्मच्या कापडगिरणीत विणकाम. धबधब्याच्या पाण्यावर चालणारी ही गिरणी १८५७ मध्ये उभी राहिली, कधीकाळी तिची गणना जगातील सर्वांत मोठ्या सूतगिरण्यांत होत असे, आणि २०१० मध्ये तिचे दिवाळे निघाले. माझे वडीलही गिरणीत होते हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती किती साचे सांभाळत होते याची. मग मी त्यांना विचारले की आता ऐकू कसे येते. वडिलांना शेवटची पंधरा वर्षे मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. बाईंनी डाव्या कानावर हात ठेवला आणि मान हलवली. आमच्या या बोलण्यात चार-पाच मिनिटे गेली. संशोधक थांबून राहिले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बाईंचे वडील १९४४ च्या उन्हाळ्यात येथून जवळच्या निळ्या टेकड्यांवर लाल सैन्यातून लढले होते. “नाशी जिंकले, पण किती मेले ते कोणी मोजले?” त्या म्हणाल्या. ‘नाशी’ म्हणजे आपले, आमचे. युद्धाच्या संदर्भात रशियन बोलणारा माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा ऐकणाऱ्याला आपले सैन्य हे वेगळे सांगावे लागत नाही. मग त्यांनी त्या पिढीच्या तोंडी कायम असलेले वाक्य म्हटले, ‘लिश बी न्ये बिला वायनी’, बाकी काही होवो, युद्ध तेवढे नको. येथे पुन्हा युद्ध आले तर सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, असे संशोधकाने विचारले. बाई म्हणाल्या, “नाशींची. ती पोरे सर्वांत पुढे उभी आहेत. पहिल्यांदा तीच मरतील.”

मी इंग्रजीत सांगितले की त्यांना रशियन सैनिकांची काळजी वाटते.

संशोधकाची लेखणी कागदावर चालू झाली. त्याच्या तक्त्यात ‘पाश्चात्त्य देशांबद्दलची भूमिका’ असा एक रकाना होता, आणि तो काय लिहीत आहे ते मला उलट्या बाजूनेही वाचता आले. तेवढ्यात बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण एक शब्द ओळखू आला होता. “मुली, तू रशियन म्हणालीस. मी रशियन म्हटले नाही. मी नाशी म्हटले.”

मी विचारले, नाशी म्हणजे कोण?

त्यांचा नातू तापा येथे होता. एस्टोनियाच्या सैन्यात, सक्तीच्या सेवेत, अकरा महिन्यांसाठी. ब्रिटनच्या नेतृत्वाखालील नाटोचे पथक त्याच तळावर आहे. “तेथे इंग्रज पोरेही आहेत म्हणे, तो त्यांच्याबरोबर धावतो,” असे सांगून त्यांनी फोनवरचा फोटो पुढे केला. हिरव्या गणवेशातला, कान पुढे आलेला, एकोणीस वर्षांचा मुलगा. एकाच मिनिटात एकाच शब्दाने त्यांनी दोन सैन्ये सांगितली होती, वडिलांचे आणि नातवाचे, आणि त्यांच्या बोलण्यात त्या दोन शब्दांमध्ये कोठेही सांधा नव्हता. सांधा मी घातला होता. सकाळी कठड्यापाशी पाहिलेला हात माझ्या डोक्यात होता, म्हणून दुसऱ्या ‘नाशी’चा अर्थ मी ऐकण्याआधीच लावून टाकला.

मी संशोधकाला स्वच्छ सांगितले की माझे भाषांतर चुकले आहे. आधीचे वाक्य खोडायला लावले आणि नवे सांगितले. त्याने खोडले. मग मी न राहवून बाईंना सकाळच्या हात हलवण्याबद्दल विचारले. पलीकडे त्यांची धाकटी बहीण राहते. पूर्वी रविवारी बसने जाऊन संध्याकाळी परत येता येत असे. फेब्रुवारी २०२४ पासून रशियाने आपल्या बाजूने वाहनांसाठी पूल बंद ठेवला आहे, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून एस्टोनिया रात्री फाटक बंद करतो, आणि दिवसा पायी जायचे तर सामानाची तपासणी होईपर्यंत कित्येक तास रांगेत उभे राहावे लागते. बाईंच्या गुडघ्यांना ते होत नाही. म्हणून दोघी आपापल्या काठावर येतात, फोन लावतात आणि एकमेकींना पाहत बोलतात. त्या दिवशी गाण्यांच्या आवाजात बहिणीचे बोलणे नीट ऐकू आले नाही, ही त्यांची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी शांत असताना पुन्हा यायचे, असे दोघींनी ठरवले होते.

बहिणीशी युद्धाबद्दल बोलता का, असे संशोधकाने विचारले. सुरुवातीला बोललो, त्या म्हणाल्या, आणि तीन महिने फोन बंद झाला. आता बटाटे, रक्तदाब आणि नातवंडे. नातू कोठे आहे हे बहिणीला माहीत आहे का? यावर त्यांनी मान हलवली, आणि होकार की नकार ते मला कळले नाही. यावेळी मी अंदाज केला नाही. पुन्हा विचारले. “तो शिकायला बाहेरगावी आहे असे सांगितले आहे,” त्या म्हणाल्या.

शांतता आली हे तुम्हाला कशावरून कळेल, हा प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न होता. सकाळपासून त्याला मिळालेली उत्तरे मोठी होती. बाईंचे उत्तर होते, “पुलावरून बस गेली तर.” थोड्या वेळाने त्यांनी त्यात भर घातली, “आणि मला तिच्याशी खोटे बोलावे लागले नाही तर.”

परतीच्या गाडीत तिघांची चर्चा सुरू झाली. बाईंना पाश्चात्त्यांच्या बाजूचे धरावे की रशियाच्या, असा पेच होता. एकाचे म्हणणे, नातू नाटोच्या तळावर आहे तेव्हा उत्तर उघड आहे. दुसरा म्हणत होता, वडिलांच्या सैन्यालाही त्या ‘आपले’ म्हणाल्या, त्याचे काय? मला विचारले तेव्हा मी सांगितले की माझ्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. ‘आमचे’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपले’ म्हटले की तो आत येतो. रशियनमध्ये आणि इंग्रजीत हा भेद शब्दात दिसत नाही, तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओळखावा लागतो. मनगटावर हात ठेवून त्यांनी ज्या तऱ्हेने तो शब्द पुन्हा उच्चारला, त्यावरून मी माझ्या वहीत ‘आपले’ असे लिहिले होते. तो फोटो त्यांनी आम्हा चौघांपुढे धरला होता, जणू त्या पोराची काळजी आम्हीही करावी.

दोन आठवड्यांनी त्या संशोधकाचे पत्र आले. रकाना भरणे भाग आहे, तर त्या जागी इंग्रजीत नेमके काय लिहू, असे त्याने विचारले होते. मी ध्वनिमुद्रणातील ती जागा पुन्हा ऐकली आणि त्याला कळवले की रकाना रिकामा ठेवावा व शेजारी बाईंची तीन वाक्ये जशीच्या तशी घालावीत, नाशींची भीती वाटते ते, पुलावरच्या बसचे आणि बहिणीशी खोटे बोलण्याचे. तिसऱ्या वाक्यासाठी आधी बाईंची परवानगी घ्या, असेही लिहिले. बहीण पलीकडच्या काठावर आहे, आणि नातू तेव्हाही तापा येथेच होता.