पटावर आहे, पण मोजणीत नाही

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीचे वर्ग आणि शिक्षक तीन. पट दीडशेच्या आत असल्याने मुख्याध्यापकाचे पद नाही, त्यामुळे सर्वांत ज्येष्ठ म्हणून कार्यभार माझ्याकडे. लिपिक नाही, शिपाई नाही. पहिली-दुसरी सांभाळायची, आणि शाळेच्या नावाने आलेले प्रत्येक पत्र, प्रत्येक लिंक, प्रत्येक एक्सेल शीट भरायचीही मीच. राज्यातल्या बहुतेक छोट्या शाळांचे असेच आहे, म्हणून माझा अनुभव वेगळा आहे असे मुळीच म्हणत नाही. पण विद्यार्थ्यांचे आधार जुळवण्याच्या कामातून मी जशी गेले, ते सविस्तर लिहिले तर नव्याने कार्यभार घेणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल, आणि पालकांनाही कळेल की बाई वर्ग सोडून मोबाईलवर काय करत होत्या.

आधी हे काम एवढे महत्त्वाचे का, ते सांगते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते, आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांना तीन. आमचा पट 64. हजेरीपत्रकावर 64 नावे, वर्गात बसणारी मुलेही 64. पण संचमान्यतेसाठी मोजली जातात ती आधार वैध झालेली मुले. शासनाच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवरचे नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारमधल्या नोंदीशी तंतोतंत जुळले तर मूल वैध, नाहीतर अवैध. जुलैत मी यादी काढली तेव्हा वैध होती 55. म्हणजे कागदावर आमच्याकडे दोन शिक्षकांपुरतीच मुले. तिसरे सर अतिरिक्त ठरणार, त्यांचे समायोजन दुसरीकडे होणार, आणि पाच वर्ग दोघांवर येणार.

मला सर्वांत जास्त टोचली ती एक विसंगती. त्याच शिक्षण हक्क कायद्याचे कलम 14 सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. आम्ही नाकारत नाही, नाकारणारही नाही. पण कागद नसलेले मूल वर्गात घेतले की त्याला शिकवायला लागणाऱ्या शिक्षकाच्या हिशेबातून मात्र तेच मूल गळते. आणि असे मूल कुणाचे असते? ऊसतोडीला जाणाऱ्याचे, वीटभट्टीवर राबणाऱ्याचे, आईने एकटीने वाढवलेले. ज्या शाळेत अशी मुले जास्त, त्याच शाळेला शिक्षक कमी पडणार.

सुरुवातीला मी जे दिसेल ते दुरुस्तीला पाठवावे, या पद्धतीने जाणार होते. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका अनुभवी गुरुजींनी थांबवले. म्हणाले, "बाई, आधी पाया ठरवा. जन्मदाखला हाच पाया धरा, बाकी सगळं त्याच्याशी जुळवा." त्यांच्या सांगण्यावरून मी एका जाड वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान केले. त्यावर चार रकाने: जनरल रजिस्टर (शाळेतले प्रवेशाचे नोंदपुस्तक), जन्मदाखला, आधार, पोर्टल. चारही ठिकाणचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि लिंग जसेच्या तसे उतरवले, काना-मात्रेसकट. हे काम कंटाळवाणे आहे, पण यामुळे नऊ मुलांपैकी कुणाचा घोळ नेमका कुठे आहे ते एका नजरेत दिसले.

पोर्टलवरच टंकनात चुकलेली दोन नावे होती. ती शाळेच्या लॉगिनमधून दुरुस्त झाली, तिथे विशेष काही नाही.

चार मुलांच्या आधारमध्येच चूक होती. दोघांची जन्मतारीख 1 जानेवारी पडली होती. नोंदणीच्या वेळी दाखला जवळ नसला आणि पालकांनी नुसते साल सांगितले की हीच तारीख बसते, हे आता आम्हा शिक्षकांना पाठ झाले आहे. एका मुलीच्या नावापुढे लिंग पुरुष लागलेले. आणि दुसरीतल्या एका मुलीच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग असे झाले होते की त्यावरून मराठीत आलेले नाव वाचता येईना. तिला स्वतःचे नाव सुंदर लिहिता येते. मी तिच्यासमोर आधारची प्रत धरली तेव्हा तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचले आणि म्हणाली, "बाई, हे माझं नाव नाही." खरेच नव्हते.

आधार केंद्र तालुक्याला. पालकांना दिवसाची मजुरी बुडवून जावे लागते, मूलही सोबत न्यावे लागते. काहींचे लहानपणी काढलेले आधार ठसे न घेता झालेले असते, आणि पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे व डोळ्यांचे स्कॅन द्यावे लागते. ते राहिले असेल तर तेही याच फेरीत उरकून घ्यावे. एक गोष्ट मी प्रत्येकाला करायला लावली आणि तिचा फार उपयोग झाला: शाळेच्या शिक्क्याच्या कागदावर मुलाचे पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह मोठ्या अक्षरात, खाली जन्मतारीख, सोबत जन्मदाखल्याची मूळ प्रत. पालकांना सांगून ठेवले, की पावतीवर अंगठा किंवा सही करण्याआधी या कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा, वाचता येत नसेल तर तिथे उभ्या असलेल्या कुणाकडून वाचून घ्या. पहिल्या फेरीत ज्यांनी हा कागद नेला नव्हता त्यांना पुन्हा जावे लागले. मजुरी दोनदा बुडाली त्यांची.

एका मुलाच्या बाबतीत आधार आणि जन्मदाखला जुळत होते, वेगळे होते ते आमचे जनरल रजिस्टर. इथे सावध राहायला हवे. जनरल रजिस्टरमध्ये आपल्या मनाने खाडाखोड करता येत नाही. नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर पालकांचा अर्ज, पुरावे आणि वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते, आणि मंजुरीचा क्रमांक-दिनांक शेऱ्यात लिहावा लागतो. हा प्रस्ताव मी ऑगस्टच्या सुरुवातीलाच दिला म्हणून वेळेत आला. शेवटच्या आठवड्यात दिला असता तर राहिलाच असता.

उरलेली दोन मुले सख्खी भाऊ-बहीण. भाऊ तिसरीत, बहीण पहिलीत. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. दोन्ही मुलांचा जन्म साखर कारखान्यावर, कोपीत म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत झाला, दुसऱ्या जिल्ह्यात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत व्हायला हवी. ती झालीच नव्हती. एक वर्षाहून अधिक काळ लोटला की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यांच्या वडिलांना हे सगळे समजावून सांगताना मला शब्द सापडेनात. त्यांनी एकच विचारले, "बाई, आधार झालं नाही तर पोरांचं नाव कमी करणार का?" मी सांगितले, नाव कुणीही कमी करणार नाही, ही मुले शाळेची आहेत आणि राहतील. त्यांच्याकडे मुलीच्या तान्हेपणीचे लसीकरण कार्ड होते, अंगणवाडीत वजनाची नोंद होती, मुकादमाने लिहून दिलेला एक कागद होता. त्या आधारावर अर्ज तयार करून दिला. पण तो माणूस पुन्हा त्या जिल्ह्यात जाणार तो थेट हंगाम सुरू झाल्यावर. 30 सप्टेंबरच्या आत हे होणे नव्हते आणि झाले नाही.

बाकी सात मुले वैध झाली. 62. तिसरी जागा टिकली.

हे सगळे चालू असताना बाकीचे काम थांबलेले नव्हते. पोषण आहाराची रोजची नोंद: किती मुले जेवली, पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम प्रमाणे तांदूळ किती गेला, शिल्लक किती. ती ऑनलाइन भरायची आणि रजिस्टरलाही लिहायची. त्याच महिन्यात शाळेतल्या स्वच्छतागृहांची, खोल्यांची, विजेच्या जोडणीची माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत मागितली गेली. ही माहिती युडायसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या ऑनलाइन माहितीसंचात, आम्ही दरवर्षी भरतोच. शाळेची खोली आठवड्यात वाढत नाही. तरी तक्ता नवा, रकान्यांचा क्रम नवा, आणि खाली "आज दुपारी तीनपर्यंत, प्रथम प्राधान्य". ज्या बाबतीत शाळेकडे सांगण्यासारखे काही नाही, तिथे निरंक अहवाल द्यायचा. निरंकही वेळेत गेला नाही तर शाळेचे नाव लाल रंगात ग्रुपवर येते.

मला कागदाचा राग नाही. हजेरीपत्रक हवे, पोषण आहाराचा हिशेब हवा, मुलाची मूल्यमापनाची नोंद तर हवीच; सरकारी पैसा आहे आणि मुले लोकांची आहेत. राग येतो तो एकदा दिलेली माहिती पुन्हा पुन्हा मागण्याचा, आणि ती शिकवण्याच्या वेळेत मागण्याचा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन बंधनकारक केले आहे. कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असेही म्हटले आहे. 2024 मध्ये राज्य शासनाने कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णयही काढला. तो आला तेव्हा आम्हाला बरे वाटले होते. पण विद्यार्थ्यांची माहिती भरणे हे शाळेचेच काम म्हणून आमच्याकडेच राहते, आणि आमच्या शाळेत ते करायला शिक्षकाशिवाय दुसरा माणूस नाही.

त्या दोन महिन्यांत पहिलीच्या मुलांचे काय झाले ते मला लिहायलाच हवे. स्वरचिन्हे शिकवण्याचे दिवस होते. वेलांटी-उकार पक्के व्हायला रोज समोर बसून, हात धरून, प्रत्येकाचे ऐकून घ्यावे लागते. पहिलीतली मुले स्वतः बसून अभ्यास करू शकत नाहीत. मी फोनवर असताना दुसरीतली मोठी मुले त्यांना वाचून दाखवत. दिवाळीच्या सुटीआधी मी वाचन घेतले तेव्हा चार-पाच मुले 'कि' आणि 'की' मध्ये अडखळत होती. सुटीनंतर शाळा भरण्याआधी त्यांना लवकर बोलावून ते भरून काढले. त्यांच्या आयांनी पोरांना वेळेवर तयार करून पाठवले.

भेटीला येणाऱ्यांबद्दलही सांगते, कारण सगळे एकसारखे नसतात. बहुतेक भेटी फायलींच्या असतात. पण एक विस्तार अधिकारी मॅडम आल्या, त्यांनी फायली बाजूला ठेवल्या, सतरंजीवर बसल्या आणि दुसरीतल्या प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घेतला. कोण कुठे अडखळते ते मला लिहून दिले. तो कागद मी वर्षभर वापरला. देखरेख अशी असेल तर कोणत्याही शिक्षकाला ती हवीच असते.

हंगाम संपवून परत येताना त्या भावंडांच्या वडिलांनी नोंदीसाठी आदेशाचा अर्ज दिला, आणि मेमध्ये दोन्ही दाखले हातात आले. यंदा जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशीच मी चार रकान्यांची पाने भरून घेतली आणि ज्यांचे जुळत नाही त्या पालकांना पेरणी उरकल्यावर लगेच पाठवले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आम्ही शिक्षकांनी लेखी मागणी दिली आहे: केंद्रामागे एक माहिती भरणारा कर्मचारी द्यावा, आधारचे शिबिर शाळेतच घ्यावे, आणि दाखल्याअभावी आधार न झालेली मुले हजेरी व प्रत्यक्ष पडताळणीवरून पटात धरावीत. तिसरी मागणी माझी. गटस्तरावरून अजून उत्तर आलेले नाही, म्हणून पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेत ती पुन्हा घ्यायला सांगितले आहे.