तुम्ही विचारलंत म्हणून: फीव्हर हॉस्पिटल चालवायचे म्हणजे नक्की काय करायचे?

साथरोगांच्या इतिहासावर वाचत-लिहीत असते, त्यामुळे मला हमखास विचारतात की १९४०-५० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी जी फीव्हर हॉस्पिटलं, म्हणजे संसर्गजन्य आजारांच्या पेशंटना वेगळं ठेवायची हॉस्पिटलं होती, तिथे पेशंटला नुसतं डांबूनच ठेवायचे ना? नाही हो. डांबणं सोपं. खरं काम होतं आत आलेल्या पोरांना एकमेकांचे आजार लागू न देणं, आणि माझ्या मते हॉस्पिटल चांगलं की वाईट ते तिथेच ठरायचं.

म्हणजे बघा, स्कार्लेट फीव्हरचं (घसा दुखून अंगावर लाल पुरळ उठणारा संसर्गजन्य ताप) पोर भरती केलं आणि त्याच्या अंगात गोवर आधीच असला तर? पुरळ उठायच्या आधीच गोवर पसरायला लागतो, कळेपर्यंत शेजारच्या खाटांवर पोचलेला असायचा, मग त्या वॉर्डात नवीन भरती बंद. म्हणून कुणाची खाट कुणाशेजारी ह्याला एवढं महत्त्व. काचेच्या छोट्या खोल्या असतील तर ठीक, नाहीतर मोठ्या वॉर्डात सगळी मदार नर्सच्या हातांवर. पेशंटजवळ जाताना नर्स कपड्यांवर जो गाऊन चढवायची तो साधा काढायचं घ्या, आधी कमरेची नाडी सोडायची, मग हात धुवायचे आणि मगच मानेची नाडी, कारण मानेकडचा भाग स्वच्छ धरलेला. हे दर पेशंटला, रात्रपाळीत कुणी बघत नसतानासुद्धा. मला ह्या नर्सेसबद्दल फार आदर वाटतो.

औषधं अजिबात नव्हती असं नाही. घटसर्पाचं अँटिटॉक्सिन, म्हणजे त्या जंतूंचं विष निकामी करणारं औषध, १८९० च्या दशकापासून होतं, पण ते लवकर द्यावं लागतं, विष पेशींत शिरलं की ते काही करू शकत नाही. श्वास कोंडला तर गळ्यात नळी घालायची, आणि ती कफाने बुजू नये म्हणून कुणीतरी सतत उशाशी.

आईबापांना बहुतेक ठिकाणी आत सोडतच नसत, खिडकीच्या काचेतून बघायचं. काही गावांत पेशंटला नंबर असायचा, आणि तब्येत कशी आहे ते लोकल पेपरात त्या नंबराने छापून यायचं. घरच्यांचं काय होत असेल!

पुढे १९४० पासून घटसर्पाची लस मोठ्या प्रमाणावर टोचायला लागले, पेनिसिलिन आलं, वॉर्ड रिकामे व्हायला लागले. १९४८ मध्ये ही हॉस्पिटलं नॅशनल हेल्थ सर्व्हिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी नंतर दुसऱ्याच कामाला लागली. रिकाम्या खाटांवर खर्च कशाला, हा हिशोब मला कळतो. पण साथ सांगून येत नाही, आणि गाऊन नीट काढणारी नर्स एका आठवड्यात तयार होत नाही.