तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, कोड कुणी चोरला नाही

"सगळा कोड उघडा टाकलात, उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने उचलला तर?" हे मला इतक्या वेळा विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकतो. नाही उचलला. कोड एजीपीएल नावाच्या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे ना. बदल करून नेटवर्कवर सर्व्हिस म्हणून चालवलं तर ते बदल वापरणाऱ्यांना द्यावे लागतात, या एका अटीमुळे बरेच मोठे लोक हातच लावत नाहीत, गूगलने तर आतल्या वापरावर बंदीच घातलीय. आमची गोची झाली ती आमच्यामुळेच.

प्लॅन साधा होता. कोड फुकट, आणि ज्यांना ती अट नको त्यांनी पैसे भरून कमर्शियल लायसन्स घ्यायचं. मायएसक्यूएल या डेटाबेसवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, त्यात नवीन काही नाही. एक मोठं गिऱ्हाईक आलं, रक्कम ठरली, आणि शेवटच्या कॉलवर त्यांच्या लीगलच्या बाईंनी सहज विचारलं, "हा सगळा कोड तुमचाच आहे ना?" मी लगेच हो म्हणालो. माझ्या पार्टनरने माइक म्यूट केला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्या रात्री गिट लॉग, म्हणजे कोडमध्ये कुणी काय बदललं याची नोंद, काढला. बाहेरचे अकरा जण. प्रत्येकाचा पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, मी स्वतः मर्ज करून मूळ कोडमध्ये घेतलेला, वर "मस्त, थँक्स!" असं लिहून. कॉपीराइट ज्याचा त्याचाच, त्यांनी तो आम्हाला एजीपीएलखाली दिलेला, म्हणजे त्या ओळींपुरते आम्हीही इतरांसारखेच अटीने बांधलेले, त्या ओळी दुसऱ्या लायसन्सवर विकायचा हक्क आम्हाला नव्हताच. माझ्याच प्रॉडक्टमध्ये मी भाडेकरू! नऊ जणांनी दोन दिवसांत होकार पाठवला. एकाचा ईमेलच बंद. आणि एकाने, ज्याने इम्पोर्टची अख्खी फाइल लिहिली होती, साडेसहाशे ओळी, त्याने कळवलं की मी हे सगळ्यांसाठी लिहिलं, तुम्हाला विकायला नाही. शिवी नाही, काही नाही. मला राग आला, आणि राग यायचं कारण एवढंच की त्याचं बरोबर होतं.

मी म्हटलं, फाइल मीच परत लिहितो. वकील म्हणाले, तू ती इतकी वर्षं बघितलीयस, नवीन म्हणून जुनीच लिहिशील, जिने बघितलीच नाही अशी व्यक्ती शोध. शोधली. काम व्हायला तीन महिने लागले, तोवर गिऱ्हाईक गेलं.

आता तुम्ही म्हणाल, पॅच देणाऱ्यांकडून आधीच करार का नाही घेतला, की हा कोड आम्ही दुसऱ्या लायसन्सवरही देऊ शकतो? तेव्हाच्या मला विचारा. तो म्हणेल, दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी पानभर करार सही करायला लावलास तर पॅच येणारच नाही. आणि इम्पोर्टवाला तर नक्कीच आला नसता, म्हणजे ती फाइलही नसती, म्हणजे कदाचित ते गिऱ्हाईकही नसतं. शिवाय ज्यांनी करार घेतला त्यांचं बघा ना. मोंगोडीबी हा डेटाबेस एजीपीएलवर होता, पण बाहेरच्यांकडून करार घेतलेले असल्यामुळे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना एसएसपीएल या स्वतःच्याच जास्त कडक लायसन्सवर उडी मारता आली, आणि ते लायसन्स ओएसआय, म्हणजे ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणारी संस्था, ओपन सोर्स मानत नाही. हॅशिकॉर्प कंपनीने २०२३ मध्ये असंच लायसन्स बदललं तेव्हा लोकांनी त्यांचं टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर फोर्क करून, म्हणजे जुन्या लायसन्सवरचा कोड घेऊन, ओपनटोफू हे वेगळं काढलं. म्हणजे करार आमच्यासाठी सोयीचा, देणाऱ्याने मात्र नुसता विश्वास ठेवायचा. इम्पोर्टवाल्याला नेमकी हीच भीती होती आणि मी त्याला "असं आम्ही कधीच करणार नाही" असं लिहायला बसलो होतो, तेही विक्रीच्या आठवड्यात. पाठवलं नाही ते.

सध्या लिनक्स कर्नलसारखा नुसता साइन-ऑफ घेतो, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे एवढंच देणारा सांगतो. विकायच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही, वकील दर वेळी ऐकवतात, पार्टनर तर रोजच. परवा एक पॅच आलाय, चारशे ओळी, टेस्टसकट, फार छान लिहिलाय. अजून मर्ज केलेला नाही.