वेळ की वेल

धारणी तालुक्यातल्या माझ्या शाळेत तिसरीत एक मुलगी आहे. घरी कोरकू बोलते, बाजारात हिंदी, आणि मराठी फक्त शाळेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पाण्याला 'डा', घराला 'उरा'.

शुद्धलेखनात ती दर वेळी 'शाळेची वेल झाली' लिहायची. मी लाल पेनाने गोल करायचे, पाच वेळा लिहून आण म्हणायचे. ती मुकाट्याने आणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वेल. दिवाळीनंतर एकदा जवळ बसवून विचारलं, "वेळ, वेल. मी एकच शब्द म्हणतेय की दोन?"

"एकच."

मला फार वाईट वाटलं. जे तिला ऐकूच येत नव्हतं, ते मी तिच्याकडून महिनोन्‌महिने लिहून घेत होते.

आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा तर टेकाडावर जावं लागतं. म्हणून फोनमधला साधा रेकॉर्डर घेतला आणि माझ्या आवाजात जोड्या भरल्या: वेळ–वेल, गाळ–गाल, माळ–माल, मध्येच गाल–गाल. शब्द सारखे वाटले तर एक चिंचोका ठेवायचा, वेगळे वाटले तर दोन. हवं तितक्यांदा मागे न्यायचं.

आठवड्याभरात ती माझ्या आवाजातला ळ ओळखू लागली. पण तेच शब्द मुख्याध्यापक सरांनी म्हटले, की पुन्हा एकच चिंचोका. जपानी लोकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू यावेत म्हणून संशोधकांनी १९९१ साली अनेक माणसांचे आवाज वापरले होते, हे वाचलेलं तेव्हा आठवलं. तिच्या कानाने माझा आवाज पाठ केला होता, ळ नाही. मग सरांचा आवाज घेतला, अंगणवाडीताईंचा घेतला, खिचडी करणाऱ्या मावशींचाही घेतला. मावशी मूळच्या अचलपूरच्या. आधी लाजून नाही म्हणाल्या, मग चुलीजवळ बसूनच बोलल्या. मागे भांडी वाजतात, ती मी तशीच राहू दिली. माणसं बोलतात ती अशाच गलक्यात.

त्या बुधवारी ती खिडकीशी इयरफोन लावून बसली होती. मावशींचं 'गाळ–गाल' लागलं. तिने मागे नेलं. परत नेलं. डोळे मिटले. सहा-सात वेळा तरी झालं असेल. एक चिंचोका ठेवला, थांबली, आणि दुसरा त्याच्यापासून लांब सरकवला.

"मॅडम, अलग है!"

कानात इयरफोन, त्यामुळे ओरडलीच. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. तिने लगेच पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली. 'फळ' आलं तिथे थबकली, जीभ टाळूकडे वळवली, आणि म्हणाली. 'डोळे' म्हणाली. जोडाक्षरांवर नेहमीसारखीच अडली, पण ळ आला की आवाज चढायचा.

आता मन–मण, खान–खाण बाकी आहेत. काल मावशींनीच विचारलं, "फोन कधी आणता?"