कूलर, घाम आणि मिरामारचा किनारा

मे महिन्यात कूलरसमोर बसून जे सुख मिळते ते जुलैत त्याच कूलरसमोर मिळत नाही, हे नागपुरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. टाकीतले पाणी तेच, वाळ्याच्या ताट्या त्याच, पंखाही तोच; पण पावसाची पहिली झड येऊन गेली की खोली थंड होण्याऐवजी चिकट होते, उश्या ओलसर लागतात आणि आपण पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो. हवेत आधीच पाणी भरलेले असल्यामुळे ताट्यांवरचे पाणी उडत नाही, आणि पाणी उडाले नाही तर गारवा येत नाही. माझे शरीरही याच नियमाने चालते हे मात्र मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, घरापासून हजारावर किलोमीटर दूर, गोव्यातल्या एका ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या स्पर्धेच्या मधोमध कळले. त्या स्पर्धेसाठी मी लागोपाठ दोन वर्षे नागपूरहून गेले. त्या दोन प्रवासांची ही हकिगत आहे.

मी बँकेत नोकरी करते. धावायला लागले तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि फुटाळा तलावाच्या काठाने एक फेरी पूर्ण करणे हेच मोठे ध्येय होते. पुढे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ, तिथून जपानी गार्डनच्या चौकातून सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालचा रस्ता आणि परत, असा माझा नेहमीचा मार्ग ठरून गेला. उन्हाळ्यात आमचा गट पहाटे साडेचारला निघतो, कारण सात वाजता रस्ता तापायला लागतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हाळ्याच्या आठवणी इथला प्रत्येक जण अजून सांगतो आणि सांगताना त्यात थोडा अभिमानही असतो. आपण उन्हातली माणसे आहोत, आपल्याला कुठल्याही गावचे ऊन बाधणार नाही, असे मीही मनापासून मानत होते.

याच्या उलट काही असू शकेल याची चाहूल खरे तर मला आधी लागायला हवी होती. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट मी भर पावसात चढले, पण तिथे हवा गार असल्यामुळे त्रास फक्त पायांना झाला. मुंबई मॅरेथॉनच्या वेळची गोष्ट वेगळी होती. जानेवारीत नागपुरात पहाटे बोटे बधिर होतात, कानटोपी घालून धावावे लागते. तिथून मुंबईला उतरले आणि दहाव्या किलोमीटरलाच टी-शर्ट पिळून काढण्याइतका भिजला. परतीच्या वाटेवर पेडर रोडची चढण आली तेव्हा माझी गती पार खाली आली होती. त्या दिवशी मी सराव कमी पडल्याचे कारण स्वतःला सांगितले आणि विषय संपवला.

ट्रायथलॉनकडे मी वळले ती सायकलमुळे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने सायकल चालवून बारा दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि त्यानंतर आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या घरी सायकली आल्या. माझीही त्याच लाटेत आली. काटोल रोडने फेटरी, कळमेश्वर आणि परत, हा माझा रविवारचा रस्ता झाला. पोहणे मात्र नव्याने शिकावे लागले. तरणतलावात पंचवीस मीटरला भिंत येते, भिंतीला पाय लावून दम घेता येतो आणि तळाशी आखलेली काळी रेघ दिशा दाखवते. उघड्या पाण्यात यातले काहीच नसते. म्हणून आमच्या प्रशिक्षक सरांनी रामटेकजवळच्या एका तलावात, सोबत होडी ठेवून, आम्हाला चार रविवार पोहायला लावले. दर आठ-दहा हात मारले की डोळे पाण्याच्या वर काढून समोरची खूण शोधायची आणि त्याच ओघात श्वास घ्यायचा, हे तिथे अंगवळणी पडले. समुद्र मात्र मी त्याआधी फक्त गुडघाभर पाण्यातून पाहिला होता.

आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा भारतात पहिल्यांदा २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. नावातला आकडा मैलांचा आहे: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे यांची बेरीज ७०.३ मैल होते. पोहणे एक तास दहा मिनिटांत, सायकलपर्यंतचा भाग साडेपाच तासांत आणि सगळे मिळून साडेआठ तासांत संपवावे लागते. नाहीतर स्पर्धा तिथेच थांबते. मी नाव नोंदवले आणि नागपूर-मडगाव गाडीचे तिकीट काढले. दुपारी निघालेली ही गाडी भुसावळ, नाशिक करत पहाटेच्या सुमारास पनवेलला आली, मग दिवसभर कोकणातले बोगदे आणि पूल ओलांडत संध्याकाळी मडगावला पोहोचली. सायकलची दोन्ही चाके, पेडल आणि हँडल सोडवून, सांगाड्याला जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळून मी ती पिशवीत भरली होती. समोरच्या आसनावरच्या अकोल्याच्या काकू रात्री दोनदा उठून, ‘बाई, तुमचं सामान जाग्यावर आहे हो,’ असे सांगून गेल्या.

पोहण्याची मला भीती होती, पण तो भाग निभावला. पाणी कोमट असल्यामुळे थंडीपासून बचाव करणारा पोहण्याचा विशेष पोशाख तिथे वापरत नाहीत. पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाचे पाय माझ्या हाताला लागले, कुणाचा हात माझ्या पाठीवर आला, खारे पाणी घशात गेले आणि घसा जळला. मग रामटेकच्या तलावातली शिस्त आठवली: आठ हात, डोळे वर, समोरचा पाण्यावर तरंगणारा खुणेचा फुगा, पुन्हा आठ हात. लाट आली की फुगा दिसेनासा होई आणि लाटेच्या माथ्यावर आले की पुन्हा दिसे. एक तास तीन मिनिटांनी वाळू पायाला लागली तेव्हा मला इतका आनंद झाला, की सायकलवर बसल्यावर मी स्वतःला आवरले नाही. नव्वद किलोमीटर तीन तास एकतीस मिनिटांत काढले. माझ्यासाठी ते फार जलद होते.

धावायला लागले तेव्हा ऊन वर आले होते. ऊन पाहून मला बरे वाटले, कारण हा आपला प्रांत असे मी समजत होते. पारा नागपूरच्या मे महिन्यापेक्षा दहा अंशांनी तरी कमी असेल. पण चौथ्या किलोमीटरपासून घाम कपाळावरून, कोपरांवरून, टोपीच्या कडेवरून धारेने गळू लागला, बुटांत पाणी साचून पावलागणिक पचपच आवाज येऊ लागला, आणि एवढा घाम येऊनही अंग आतून तापतच होते. मग मी नागपूरला करते तेच केले: प्रत्येक थांब्यावर थांबून पाणी प्यायले. पाणी देणारी मुलगी ‘बाये, उदक जाय?’ असे इतक्या आर्जवाने विचारी, की मी एकाऐवजी दोन पेले घेई. दोनापावलाच्या बाजूला, तेराव्या किलोमीटरजवळ, समोरचा रस्ता डावीकडे कलल्यासारखा दिसू लागला आणि मी कठड्याला धरून खाली बसले.

वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी माझा हात हातात घेऊन बोटातली अंगठी फिरवून पाहिली. ती हलत नव्हती; सकाळी सैल असलेली अंगठी सुजलेल्या बोटात रुतून बसली होती. किती पाणी प्यायलात आणि त्याच्यासोबत मीठ किती घेतलेत, असे त्यांनी विचारले. मिठाचा प्रश्न मला समजलाच नाही. नुसते पाणी पोटात जात राहिले आणि घामावाटे मीठ बाहेर जात राहिले, तर रक्तातले सोडियम पातळ होते आणि त्यातूनच भोवळ, मळमळ, सूज येते, हे त्यांनी समजावून सांगितले. मग त्यांनी जे वाक्य उच्चारले त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. ‘तुम्ही पाणी कमी प्यायला नव्हता,’ ते म्हणाले, ‘तुमचा घाम उडत नव्हता.’

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून मी त्या वाक्याचा विचार करत होते आणि इगतपुरीच्या पुढे कुठेतरी मला घरचा कूलर आठवला. जुलैत कूलर गारवा देत नाही म्हणून आपण त्याच्या टाकीत आणखी पाणी ओतत नाही. मी मात्र स्वतःच्या बाबतीत नेमके तेच केले होते.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. धावताना माणूस दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. माझे वजन ५८ किलो, म्हणजे दहा किलोमीटरला सुमारे ५८० किलोकॅलरी, आणि त्यातला तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग नुसती उष्णता होतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडाला तर तो जवळजवळ तेवढीच, म्हणजे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. याचा अर्थ असा, की दहा किलोमीटरची सगळी उष्णता पाऊण-एक लिटर घामात निघून जाऊ शकते, पण तो घाम त्वचेवरूनच उडाला पाहिजे. जो थेंब हनुवटीवरून रस्त्यावर पडला, त्याने शरीरातले पाणी आणि मीठ नेले, उष्णता मात्र जवळजवळ तशीच ठेवली. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम दिसतच नाही, कारण तो येताक्षणी उडतो. आपल्याला कमी घाम येतो अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत त्यातूनच झाली होती.

पुढच्या मे महिन्यात मी प्रत्येक धावेच्या आधी आणि नंतर, अंग कोरडे पुसून, वजन करू लागले. पहाटेच्या एका तासात जवळजवळ नऊशे ग्रॅम कमी भरत आणि टी-शर्ट मात्र कोरडा असे. काखेजवळ फक्त मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या असत. ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर, त्याच गतीने धावले तर वजन सव्वा किलोने उतरे, कपड्यांतून पाणी गळे आणि हृदयाचे ठोके मिनिटाला बारा-चौदांनी जास्त लागत. गोव्याची तयारी मे महिन्यात होऊ शकत नव्हती. ती ऑगस्टमध्येच करायला हवी होती, आणि तीही पहाटे नव्हे, तर पाऊस थांबून ऊन पडल्यानंतरच्या दुपारी.

सुटीच्या दिवशी दुपारी अडीचला मी बूट बांधताना पाहून सासूबाई दारापर्यंत आल्या. ‘कुठं चालली वं? बाहेर किती उकडून राहिलं!’

‘उकडतंय म्हणूनच चालले आहे, आई.’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि आत जाऊन लिंबू, मीठ, साखर घातलेल्या पाण्याची बाटली भरून आणली. पुढचे सहा आठवडे ती बाटली मला न मागता मिळत गेली. दमट उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुरू होतो आणि त्यातले मीठ कमी होते. सप्टेंबरच्या अखेरीस हवा कोरडी होऊ लागली, तेव्हा कमावलेली सवय टिकावी म्हणून मी धावून आल्यावर वीस मिनिटे गरम पाण्याच्या टबात बसू लागले. तो अनुभव सुखाचा नव्हता, पण उपयोगाचा होता.

दुसऱ्या वर्षीच्या प्रवासात सांगण्यासारखे फार काही नाही. गाडी तीच, पिशवी तीच. या वेळी पोहायला बावन्न मिनिटे लागली, आणि सायकल मात्र मी मुद्दाम सतरा मिनिटे हळू चालवली, कारण गती वाढवली की उष्णताही वाढते आणि ती बाहेर टाकण्याची सोय त्या हवेत फारशी नाही. पंक्चर झाले तेव्हा नळी बदलायला सात-आठ मिनिटे गेली, ती त्यातच आली. धावताना प्रत्येक थांब्यावर एक घोट पाणी पोटात, उरलेले डोक्यावर आणि मूठभर बर्फ टोपीखाली असा क्रम ठेवला. मिठाची पुडी अर्ध्या-अर्ध्या तासाने. बर्फ वितळताना मानेवरून जो गार ओघळ उतरे, त्याच्या भरवशावर मी पुढचा थांबा गाठत गेले. तेरावा किलोमीटर आला, तो कठडा आला, आणि मी त्यावर नुसता हात ठेवून पुढे गेले. अंगठी मधूनमधून फिरवून पाहत होते. ती शेवटपर्यंत सैल होती. धावायला दोन तास चव्वेचाळीस मिनिटे लागली आणि एकूण सात तास सदतीस मिनिटे झाली. पदक गळ्यात पडले तेव्हा मी रडले आणि नवऱ्याला फोन लावला, तर तो आधी आईंनीच उचलला आणि विचारले, ‘मीठ घेतलं होतं ना?’

नागपूरला परतल्यानंतरच्या रविवारी गटासोबत पुन्हा फुटाळ्यावर गेले. ऑक्टोबरची कोरडी सकाळ होती. सेमिनरी हिल्सच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत पाठीवरचा टी-शर्ट वाळला होता आणि खांद्यांवर त्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. शेजारी धावणाऱ्या नव्या मुलीने अभिमानाने सांगितले, की तिला घाम अजिबात येत नाही. मी तिला थांबवून तिच्याच बाहीवरचे मीठ बोटाने दाखवले, आणि परत येताना वाटेत वजनाच्या काट्याबद्दल बोलत राहिले.