एका लग्नाचे चार सूट: पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत

आमच्या घरचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. रिसेप्शनला चार जणांना सूट हवे होते: धाकटा भाऊ म्हणजे नवरदेव, बाबा, मी आणि डोंबिवलीचा, कॉलेजात शिकणारा मावसभाऊ. चौघांचे बांधे वेगळे आणि बजेटही वेगळी, त्यामुळे चारही सूट वेगवेगळ्या वाटांनी घेतले. सगळे मिळून ४४,१६१ रुपये झाले. कोणत्या वाटेला काय बघायचं, पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, ते सविस्तर लिहितो.

आधी खांद्याचं. सूटमध्ये बाकी जवळजवळ सगळं नंतर दुरुस्त होतं, खांदा होत नाही. खांदा सोडवायचा म्हणजे बाही, पॅड, अस्तर, कॉलर सगळंच उसवायचं. ते काम करणारा कारीगर मिळाला तरी तो तीन-चार हजार सांगतो आणि तरीही कोट पहिल्यासारखा बसत नाही. म्हणून तयार कोट अंगावर घातला की आरशात छाती-पोट बघण्याआधी भिंतीला बाजूने टेकून उभं राहा. दंडाआधी पॅड भिंतीला लागला तर खांदा मोठा आहे. पॅडच्या खाली दंडावर खळगा पडत असेल तरी माप चुकलेलं आहे. मग मानेमागे बघा: कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे आणि शर्टाची साधारण अर्धा इंच पट्टी वर दिसली पाहिजे. तिथे फट राहिली तर तो कोट परत टांगा, दुकानदार कितीही म्हणो की इस्त्रीनं बसेल.

बाही एक-दीड इंच कमी करता येते, फक्त बाहीवरची काजं खरी कापलेली नसावीत. कंबर दोन्ही बाजूंनी मिळून दीड-दोन इंच आत घेता येते. सोडायची असेल तर आत दाब, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, किती ठेवलाय ते उलटून बघावं लागतं. कोटाची लांबी मात्र अर्ध्या इंचापेक्षा जास्त कमी करू नये, कारण खिसे जागेवरच राहतात आणि कोट खाली खुरटा दिसतो.

मावसभावाचं बजेट सहा हजार होतं. तो दादरच्या हिंदमाता भागात गेला. तिथल्या दुकानांत पॉलिस्टर-व्हिस्कोसचे तयार सूट साधारण चार ते सात हजारांत मिळतात. त्याने ५,२०० चा घेतला आणि अल्टरेशनला ६०० दिले. या बजेटमध्ये चकाकी टाळणं हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. स्वस्त कापड दुकानाच्या दिव्यात छान दिसतं आणि फोटोच्या फ्लॅशमध्ये आरशासारखं चमकतं. कोट हातात घेऊन दाराबाहेर उजेडात या. काळा आणि नेव्ही यांतला फरकही तिथेच कळतो. या किमतीत नेव्ही किंवा गडद राखाडी, एकरंगी, दोन बटणांचा, अरुंद नसलेली लॅपल (छातीवरची दुमडलेली पट्टी), एवढंच घ्या. नक्षीचं कापड, वेगळ्या रंगाची पायपिंग, सोनेरी बटणं यांत गेलेले पैसे कापडातूनच कापलेले असतात.

एकाच दिवसासाठी हवा असेल तर भाड्याने घेणंही योग्य आहे. पण भाड्याचा सूट कधीच आदल्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. बुकिंग करतानाच तो विशिष्ट नग अंगावर घालून बघा, पावतीवर त्याचा नंबर लिहून घ्या आणि आधीचे डाग मोबाईलवर टिपून ठेवा, नाहीतर डिपॉझिटवरून वाद होतो.

माझा सूट ब्रँडच्या दुकानातला. बहुतेक मोठ्या ब्रँडचे सेल जुलै आणि जानेवारीच्या आसपास लागतात. लग्न डिसेंबरात असलं तरी खरेदी जुलैतच उरकली. छापील किंमत १७,९९९, सवलत ४० टक्के, म्हणजे १०,७९९, वर अल्टरेशनचे ८५०. सेलमध्ये ३८ ते ४२ ही मापं पहिल्या चार-पाच दिवसांत संपतात, म्हणून सेलच्या आधीच्या आठवड्यात जाऊन घालून बघायचं, स्टाइलचा नंबर टिपायचा आणि पहिल्या दिवशी सकाळी जाऊन उचलायचं. एक अडचण सेल्समन आपणहून सांगत नाहीत. तयार सूटमध्ये कोट आणि पँट यांच्या मापात साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो: ४० चा कोट, ३४ ची पँट. पोट असलेल्या माणसाला ही जोडी बसत नाही. कोट आणि पँट सुटे विकणारं दुकान शोधा, पण दोन्हींच्या लेबलवर रंगाचा लॉट एकच आहे का ते तपासा.

ब्रँडचा म्हणजे टिकणारच असं नाही, आणि त्याचं कारण आतलं असतं. कोटाचा पुढचा भाग ताठ राहावा म्हणून आत थर घालतात. तो कॅनव्हासचा आणि टाक्यांनी बसवलेला असू शकतो, किंवा गोंदाचं फ्युजिंग गरम प्रेसने चिकटवलेलं असतं. माझ्या जुन्या ब्लेझरला दुसऱ्याच ड्रायक्लीननंतर छातीवर पापुद्र्यासारखे फुगे आले. गोंद सुटला की असं होतं, मग कितीही इस्त्री करा, फुगे जात नाहीत. दुकानात ओळखायचं असं: खालच्या काजाजवळ कापडाचा वरचा आणि आतला थर चिमटीत धरून हलकेच वेगळे करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. वरचं कापड जाड पुठ्ठ्यासारखं एकसंध लागलं तर फ्युजिंग. दहा-बारा हजारांत फ्युजिंगच मिळणार, त्यात गैर काही नाही. फक्त असा कोट वर्षातून एकदाच ड्रायक्लीनला द्यावा आणि घरची इस्त्री थेट लॅपलवर टेकवू नये.

बाबांची छाती ४२ आणि कंबर ४०. थोडा पुढे झुकलेला बांधा. तयार कोट त्यांना मागून वर उचललेला दिसायचा, म्हणून शिवूनच घेतला. पुण्यात लक्ष्मी रोडला कापड घेतलं: पॉलिस्टर-व्हिस्कोस, ६५० रुपये मीटर, सव्वातीन मीटर, म्हणजे २,११२. शिलाई ६,०००. या दर्जाचं सुटिंग बरंचसं राजस्थानातल्या भिलवाड्याहून येतं, त्यामुळे तेच कापड दोन दुकानांत वेगळ्या नावाने आणि वेगळ्या भावाने दिसतं. भाव करताना नावावर जाऊ नका, कापड मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. सुरकुती किती राहते ते बघा.

कापड किती लागतं यावर दुकानात फार गोंधळ घालतात. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर मध्यम उंचीच्या माणसाला दोन पीससाठी तीन मीटर पुरतं. उंच किंवा भारी अंगाला सव्वातीन, वेस्टकोट हवा असेल तर आणखी पाऊण मीटर. चौकडी असेल तर रेघा जुळवायला पाव मीटर जास्त. आणि जमत असेल तर सव्वा मीटर जादा घेऊन दुसरी पँट शिवून ठेवा. कोटाआधी पँटच झिजते आणि दोन वर्षांनी त्याच रंगाचं कापड मिळत नाही. सगळं एकाच ताग्यातून कापायला सांगा, तागा बदलला की रंगात बारीक फरक येतोच.

भावाच्या सूटला सगळ्यात जास्त पैसे घातले आणि ते कापड व शिवण यांतच घातले. त्यासाठी मुंबईला मंगलदास मार्केटात गेलो, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूलाच आहे, रविवारी बंद असतं. शुद्ध लोकर, २,८०० रुपये मीटर, सव्वातीन मीटर, ९,१०० रुपये. लोकरीच्या कापडावर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे असतात. ते धाग्यातल्या तंतूची बारीकी सांगतात: सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढला की स्पर्श मऊ होतो, पण कापड नाजूकही होतं. वारंवार वापरायचा सूट असेल तर १०० ते १२० पुरे. १५० च्या मागे लागू नका, मांडीला लवकर झिजतं.

लोकर खरी आहे का ते बघायला कापडाच्या टोकाचे दोन-तीन धागे काढून द्यायला सांगितले आणि मार्केटबाहेर येऊन काडीवर धरले. लोकर पेटताना केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला घेतली की ज्योत आपोआप विझते आणि उरलेली राख बोटात चुरली की पीठ होते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. टेरीवूलमध्ये, म्हणजे लोकर-पॉलिस्टरच्या मिश्र कापडात, दोन्ही एकदम दिसतं. प्रामाणिक दुकानदार धागे द्यायला कधीच नाही म्हणत नाही. गिरणीचं नाव कापडाच्या किनारीवर विणलेलं असतं, तेही वाचा. नुसता कागदी स्टिकर पुरेसा नाही.

शिलाई हाफ कॅनव्हासची, म्हणजे कॅनव्हास फक्त कोटाच्या वरच्या, छातीच्या भागात, ९,५०० रुपये. टेलर निवडताना शोकेसमधला कोट बघू नका, त्याने शिवलेला आणि वर्षभर वापरलेला कोट बघायला मागा. आणि वेळ निवडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की कोणत्याही चांगल्या टेलरकडे तारीख नसते. घाईत काम बाहेरच्या कारीगराकडे जातं आणि ट्रायल गाळली जाते. पितृपक्षात लोक नवी खरेदी टाळतात, दुकानं रिकामी असतात, मास्तर स्वतः वेळ देऊन माप घेतात. आम्ही बाबांचं आणि भावाचं माप तेव्हाच दिलं. घरातल्या मोठ्यांना पितृपक्षाची अडचण वाटत असेल तर गणपतीच्या आधी द्या, पण दिवाळीनंतरवर टाकू नका.

माप देताना ज्या शर्टावर आणि ज्या बुटांवर सूट घालायचा तेच घालून जा. खिशातला मोबाईल-पाकीट बाहेर काढा, श्वास रोखून पोट आत घेऊ नका. एक खांदा उतरलेला असेल, पाठीला बाक असेल तर स्वतःहून सांगा. लोकरीचं कापड कापण्याआधी वाफेवर घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्याच ड्रायक्लीनमध्ये आटतं. वहीत हे लिहून घ्या: पहिली ट्रायल कच्च्या शिलाईवर, खिसे आणि काजं करण्याआधी, दुसरी अस्तर लागल्यावर. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच दाब, कोटाच्या मधल्या शिवणीत एक इंच. खिशाचं कापड सुती.

बाबांच्या पहिल्या ट्रायलला नेमकी झुकाव्याची चूक निघाली. समोरून कोट ठीक होता, पण मागे शेपटी नितंबापासून दूर उभी राहत होती, कारण पाठीच्या भागाला लांबी कमी पडली होती. कच्ची शिलाई असल्यामुळे मास्तरांनी खांद्याची शिवण सोडून मागच्या भागाला पाऊण इंच लांबी दिली आणि काम झालं. काजं झाल्यावर हे करता आलं नसतं. ट्रायलला नुसतं ताठ उभं राहू नका. खुर्चीत बसा, हात पुढे करून नमस्कार करा, बटण लावून खाली वाका. बटणापाशी फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर कंबर आवळलेली आहे. हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसला पाहिजे.

बिलाचंही बघून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, कापडाला ५ टक्के. दुकानदार तोंडी भाव सांगतो तो टॅक्स धरून की वेगळा, ते भाव ठरायच्या आधी विचारा.

सूट हातात आला की मागच्या कटवर फुलीच्या आकाराचे टाके असतात आणि बाहेरचे खिसे शिवून बंद केलेले असतात. कटचे टाके आणि बाहीवरचं लेबल ब्लेडने उसवायचंच. खिशांपैकी फक्त छातीचा उघडा, खालचे तसेच ठेवलेत तर कोट लोंबत नाही. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. सुती पिशवी आणि रुंद खांद्याचा हँगर घ्या. आणि टेलरकडून उरलेला तुकडा मागून घ्या, तळहाताएवढा असला तरी चालेल. कसर लागली किंवा सिगारेटची ठिणगी पडली तर रफूगार त्याच तुकड्यातले धागे काढून भोक बुजवतो.